शिखर पाच जणांचे, वाट दहा जणांची

(मोहर्ली येथील वसतिगृहाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



डोंगर चढण्याबद्दल दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. मोहर्लीत बसून हे बोलणं जरा गमतीचंच. इथे ताडोबाचं जंगल आहे, इरई धरणाचं पाणी आहे, वाघ आहे; पण मान वर करून पाहावा असा बर्फाचा डोंगर नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बर्फ आपल्याला माहीत आहे तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तरीसुद्धा मी आज जी गोष्ट सांगणार आहे, ती आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याची आहे.

२०१७ साली आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूरचं जिल्हा प्रशासन यांनी ‘मिशन शौर्य’ नावाचा उपक्रम हाती घेतला. बोर्डा, देवाडा आणि जिवती इथल्या शासकीय आश्रमशाळांमधल्या मुलामुलींतून निवड झाली. ऑगस्ट २०१७ पासून त्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख अशा ठिकाणी टप्प्याटप्प्याने ते झालं. शेवटी दहा जणांचा गट एव्हरेस्टकडे निघाला. मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जण शिखरावर पोहोचले: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांची नावं घेतली. त्याआधी चारच वर्षं, २५ मे २०१४ रोजी, आजच्या तेलंगणातल्या निवासी शाळेची मालावत पूर्णा ही मुलगी एव्हरेस्टवर पोहोचली होती. तेव्हा तिला चौदावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. म्हणजे आपल्या सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्हीकडची मुलं जगातल्या सर्वांत उंच जागी उभी राहून आली.

ही पाच नावं आपण अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवीत. पण आज मला बोलायचं आहे ते त्या दुसऱ्या पाच जणांबद्दल. तीही तितकेच महिने घाम गाळत होती. तीही घर सोडून, भाषा न कळणाऱ्या मुलखात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत राहिली. ती शिखरावर गेली नाहीत. मग ती हरली का?

याचं उत्तर मला एका पदयात्रेत मिळालं. निवृत्तीनंतर मी नागपूरच्या एका गिर्यारोहण गटाबरोबर नेपाळमधून एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत चालत गेलो होतो. शिखर नाही हो, फक्त पायथा! आम्ही अकरा जण होतो. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक जोडपं किराणा दुकान चालवणारं, एक ताई सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका, आणि एक पंचविशीचा तरुण, रोज दहा किलोमीटर धावणारा. जाऊन-येऊन बारा दिवसांची चाल.

लुकला हे वाटेवरचं विमानतळाचं गाव २८६० मीटरवर आहे. तिथून पहिल्या दिवशी वाट चक्क खाली उतरते. दुसऱ्या दिवशी झुलत्या पुलांवरून आणि दमछाक करणाऱ्या चढावरून ३४४० मीटरवरच्या नामचे बाजारला पोहोचतो. तिथे आमच्या शेर्पा वाटाड्याने, त्याला आम्ही ‘दाजू’ म्हणजे दादा म्हणायचो, जाहीर केलं की उद्या मुक्काम इथेच. तरुण मंडळी कुरकुरली. अंगात ताकद आहे, मग थांबायचं कशाला?

मुलांनो, हे नीट ऐका. आपण जसजसे उंच जातो, तसतशी हवा विरळ होते. तळछावणीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू इथल्यापेक्षा जवळजवळ निम्मा असतो आणि शिखरावर साधारण एक तृतीयांश. शरीराला याची सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो. ३००० मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नसावा, असा नियम आहे. दिवसा थोडं वर चढायचं आणि झोपायला खाली यायचं. दाजूच्या तोंडी एकच शब्द असायचा, ‘बिस्तारै, बिस्तारै’. हळूहळू.

त्या थांबण्याच्या दिवशी आम्ही वर खुमजुंग गावात गेलो. तिथे एक शाळा आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्ट पहिल्यांदा सर केलं, हे तुमच्या पुस्तकात आहे. पुढचं पुस्तकात सहसा नसतं. शेर्पा लोकांसाठी काय करता येईल, असा प्रश्न हिलरींना पडला, तेव्हा त्या लोकांना मुलांसाठी शाळा हवी होती. १९६१ साली खुमजुंगला शाळा उभी राहिली. त्यानंतर १९६६ साली जवळच्याच खुंदे गावात रुग्णालय झालं. हिलरींनी हे काम एकदा करून सोडलं नाही, आयुष्यभर ते तिकडे जात राहिले. शिखरावर ते काही मिनिटंच उभे होते. शाळेसाठी मात्र त्यांनी कित्येक वर्षं दिली. त्या शाळेच्या पटांगणात मुलं चेंडू खेळत होती आणि मला आपलं हे पटांगण आठवत होतं.

पुढे तेंगबोचे, मग ४४१० मीटरवरचं दिंगबोचे. तिथेही एक दिवस थांबलो. सातव्या दिवशी लोबुचे, ४९४० मीटर. उद्या तळछावणी! जेवणाच्या खोलीत शेगडीभोवती सगळे खुशीत होते. फक्त आमचा तो धावणारा तरुण ताटाला हात लावेना. डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती. तो म्हणत होता, “झोपलो की बरं वाटेल.” दाजूने त्याला उठवलं आणि जमिनीवरच्या फळीच्या रेषेवर, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्याचा तोल गेला.

दाजूने क्षणभरही वाट पाहिली नाही. म्हणाला, आत्ता खाली. रात्र झाली आहे, थंडी आहे, उद्या सकाळी बघू, असं आमच्यातल्या काहींनी सुचवून पाहिलं. तो ऐकेना. उंचीचा त्रास मेंदूपर्यंत पोहोचल्याची ती खूण होती आणि अशा वेळी एकच औषध पक्कं असतं: खाली उतरणं. रोज दहा किलोमीटर धावणारी छाती तिथे कामाला येत नाही. हा त्रास कुणाला होईल ते तब्येतीवरून ओळखता येत नाही.

दाजूचा मदतनीस त्याच्याबरोबर निघाला. पण आपल्या भाषेत बोलणारं, आजार समजणारं कुणीतरी सोबत हवं होतं. परिचारिका ताई उठल्या आणि बूट घालू लागल्या. या प्रवासासाठी त्यांनी सहा वर्षं पैसे साठवले होते. तळछावणी एका दिवसावर होती आणि त्यांची तब्येत उत्तम होती. कुणीतरी म्हणालं, “ताई, तुमचं राहील ना!” त्यांनी नाडी बांधता बांधता उत्तर दिलं, “डोंगर काय पळून जातो?” डोक्याला बॅटरी लावून तिघं अंधारात उतरले. खाली फेरिचे गावात गिर्यारोहकांसाठी उपचार केंद्र आहे, तिथे ते रात्री पोहोचले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ जण ५३६४ मीटरवरच्या तळछावणीवर उभे राहिलो. पिवळे-केशरी तंबू, हिमनदीचा करकर आवाज आणि समोर खुंबूचा तो कोसळता हिमप्रपात. १८ एप्रिल २०१४ रोजी तिथल्या हिमस्खलनात सोळा नेपाळी कामगार गेले, दुसऱ्यांची ओझी वाहताना. आमची ताकद जिथे संपली होती, तिथून शिखर आणखी सुमारे साडेतीन हजार मीटर वर होतं. कोणत्याही बाजूने चढा, ही शेवटची उंची तेवढीच कठीण. आपल्या आश्रमशाळेतली लेकरं याच डोंगरावर चढली, हे तिथे उभं राहून कळलं तेवढं बातमी वाचून कळलं नव्हतं. शाळकरी मुलांना एवढ्या धोक्यात न्यावं का, असा प्रश्न काही जण विचारतात. तो प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की जिथे पुरेशी तयारी नाही आणि परत फिरण्याची मोकळीक नाही, तिथे कुणालाच नेऊ नये, मोठ्यालाही.

परतताना फेरिचेला आम्हाला ते दोघं भेटले. तरुण हसत होता, फक्त आमच्याकडे पाहायचं टाळत होता. तळछावणीचे फोटो कुणी बाहेर काढेना. शेवटी ताईच म्हणाल्या, “दाखवा की! मीही बघते.” मग सगळे मोकळे झाले. आमच्या गटाच्या कार्यालयात आज जो फोटो लावला आहे, तो तळछावणीचा नाही. तो लुकला विमानतळावरचा आहे, कारण त्यात अकराही जण आहेत.

मुलांनो, परत फिरणं म्हणजे काय ते तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तुमचे आईवडील मोहफुलं वेचायला जातात. वानराने झाडावरून खाकरून इशारा दिला, चितळ ओरडलं, की टोपली अर्धी असली तरी ते मागे फिरतात. त्यांना गावात कुणी भित्रं म्हणतं का? नाही म्हणत. मोह उद्याही पडेल, माणूस घरी आला पाहिजे. हेच शहाणपण हिमालयात दाजूकडे होतं. तुम्हाला ते घरातच मिळालं आहे.

आता पाहुण्यांसाठी दोन शब्द. आपण मंडळीतले लोक वसतिगृहाला वर्गणी देतो आणि वर्षाच्या शेवटी विचारतो, दहावीला पहिल्या वर्गात किती आले? प्रश्न चुकीचा नाही, पण तो फक्त शिखराचा प्रश्न आहे. यंदा बाईंना दुसराही प्रश्न विचारा: जूनमध्ये किती मुलं परत आली? मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, घरात हातांची गरज असते. एखाद्या मुलीचं सुट्टीत लग्न ठरतं. एखाद्या मुलाला घरी गोंडी बोलायची सवय, मराठीतलं गणित कळत नाही, म्हणून त्याला शाळा नकोशी होते. असं मूल एक वर्ष मागे पडून परत आलं, तर तो त्याच्या चढाईतला थांब्याचा दिवस समजा. त्याला बिस्तारै म्हणा. नापास झालेल्या मुलाची मदत लगेच बंद करणं म्हणजे नामचेला थांबलेल्याला विमानात बसवून घरी पाठवण्यासारखं आहे.

आणि चंद्रपूरच्या त्या दहा जणांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांना ताकद कुणी बाहेरून आणून दिली नाही. जंगलात वाढलेली ती मुलं चिवट होतीच. त्यांना मिळालं ते नियमित जेवण, चांगले बूट, शिकवणारी माणसं आणि नऊ महिन्यांचा सलग वेळ. एवढं मिळाल्यावर ती कुठवर पोहोचली ते जगाने पाहिलं. आपण या लेकरांची कीव करू नये. त्यांच्यासाठी वाटेवरची छावणी उभी ठेवावी. छावणीत स्वयंपाक करणारा, कंदील लावणारा, आजाऱ्याला घेऊन रात्री खाली उतरणारा, यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत. आमच्या ताईंचं नावही आलं नाही. त्या जागेवर उभं राहायला माणसं हवी आहेत.

म्हणून माझी विनंती साधी आहे. एका मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घ्यायची असेल, तर एका वर्षासाठी घेऊ नका, पाचवीपासून बारावीपर्यंत घ्या. पैशांबरोबर वर्षातून दोन पत्रं लिहा, आणि त्यातलं एक निकाल लागायच्या आधी लिहा. ज्यांना पैसे देणं जमत नाही, त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात बाईंबरोबर गावोगाव फिरून मुलांना परत आणायला यावं. मी येणार आहे. माझे गुडघे आता कुरकुरतात, पण या वाटांना चढ नाही.