चांद्याच्या परकोटात आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, देशभरातून आलेले अभियंते आणि प्राध्यापक, चंद्रपूरकर बंधुभगिनींनो,

कूलिंग टॉवरवर वारा काय परिणाम करतो, याची चर्चा आमच्या गावी व्हावी, यात नवल नाही. 2920 मेगावॅटच्या वीज केंद्राचे टॉवर येताना आपण पाहिलेच असतील. त्यांतून निघते ती वाफ. धूर सोडते ती बाजूची उंच चिमणी. एवढे आम्हालाही कळते.

पण गाव त्याहून फार जुने. सशाने कुत्र्याला पळवले, ते पाहून खांडक्या बल्लाळशहाने इथे नगर वसवले, अशी कथा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे दरवाजे आजही उभे आहेत. आणि आमची राणी हिराई! बादशहाने बेगमेसाठी बांधलेला ताजमहाल जग पाहते. राणीने राजासाठी, बीरशहासाठी, बांधलेली समाधी अंचलेश्वर दरवाजाजवळ आहे, तिकडे चंद्रपूरकरही फिरकत नाहीत. महाकालीच्या देवळाचे श्रेयही तिचेच. चैत्रात नांदेडकडून भाविकांची रीघ लागते. कार्यवाहांनी हिराईवर दोनच वाक्ये बोला म्हटले होते, ती केव्हाच संपली.

आता विषय. मी धान्याचा व्यापारी. मला समजले ते असे: 1 नोव्हेंबर 1965 रोजी इंग्लंडात फेरीब्रिजला आठपैकी तीन टॉवर पडले, प्रत्येकी सुमारे 114 मीटर उंच. गंमत म्हणजे पडले ते मागच्या रांगेतले. पुढच्यांच्या फटींतून घुसळलेला वारा त्यांच्यावर आदळला. हिशेब धरला होता सरासरी वाऱ्याचा, झोताचा नाही. टॉवर एकमेकांजवळ असल्याचाही नाही. वाऱ्याकडच्या अंगाला पातळ कवच वर ओढले गेले आणि ताणाने फाटले. हे ऐकून हिराईच्या दगडी भिंतींचा मला अधिकच अभिमान वाटला.

काल सायंकाळच्या वावटळीत भोजनमंडपाची कनात उडाली. रात्रीतून पुन्हा बांधली आहे. तज्ज्ञांनी एकदा नजर टाकावी. निवासातले कूलर आवाज करतात, गरम पाणी सातनंतर मिळणार नाही, त्याबद्दल क्षमा असावी. तांदूळ देणारे गिरणीवाले, गाड्या देणारे कोळसा वाहतूकदार, स्मृतिचिन्हे देणारे सराफ, सभागृह विनाभाडे देणारे विश्वस्त, रात्रभर जागलेली पोरे, साऱ्यांचे आभार. कुणी राहिले असेल तर त्यांनी जेवताना माझा कान धरावा. जेवणात गोळाभात आहे. तिखट बेताचे ठेव म्हणून बजावले आहे, पण आचारी चांद्याचाच आहे.

उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलन करावे. तेवढा वेळ पंखे बंद ठेवतो.