हलता नकाशा दिसला की तारीख विचारा
(आंदर मावळातील बैठकीत केलेले भाषण)



आपण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातली माणसं आज भाताच्या आंदर मावळात जमलो आहोत. इथं पाऊस उदंड. पण टाटांच्या वीज कंपनीनं ठोकरवाडीला धरण बांधलं आणि 1922 पासून इथलं पाणी घाट उतरून भिवपुरीच्या वीजघरात जाऊ लागलं. भीमेच्या वाटेचं पाणी कोकणात गेलं.

असा बदल आता संगणकावर सिनेमासारखा दाखवता येतो. धरणाआधीचा एक नकाशा घ्यायचा, नंतरचा एक. दोन्हींतल्या पाण्याच्या कडेवरचे बिंदू जोडीनं जुळवायचे. संगणक प्रत्येक बिंदू थोडा थोडा सरकवत नेतो. नदी फुगत फुगत तलाव होते. शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही ते क्षणात कळतं. म्हणून हे साधन आपल्याला हवंच.

पण मोजलेले नकाशे दोनच. मधली सगळी चित्रं म्हणजे संगणकाचा अंदाज! धरण काही दरसाल वीतभर भरत नाही. घळभरणी झाली की एका दमदार पावसाळ्यात शिवार बुडतं. सिनेमा मात्र सांगतो, पाणी सावकाश आलं, माणसं सावकाश उठली.

आपल्याकडचंच पाहा. नाल्याचा काठ 10 वर्षांत 100 मीटर सरकला, तर संगणक दरसाल 10 मीटर दाखवणार. प्रत्यक्षात एका रात्रीच्या पुरानं रान खरडून नेलेलं असेल. पुराची तारीखच पुसली, तर भरपाई कशाच्या आधारावर मागणार?

आणखी एक. ऑक्टोबरचा भरलेला तलाव आणि मे महिन्यातला आटलेला तलाव शेजारी ठेवले, तर काहीही सिद्ध करता येतं. उपग्रहाचंही तसंच. 1984 पासूनची लँडसॅटची चित्रं मिळतात, पण त्यातला एक ठिपका 30 मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास 9 गुंठे. बांधाचा तंटा त्यावर सुटत नाही. तिथं मोजणीच लागते.

तेव्हा पडदा लागला की तीन प्रश्न विचारा. मोजलेले नकाशे कोणते आणि कोणत्या तारखेचे? दोन्ही एकाच महिन्यातले आहेत का? मधली चित्रं अंदाजाची आहेत, हे पडद्यावर लिहिलं आहे का?

आणि विचारून थांबू नका. पंचनामे, पीकपाहणी, जुने मोजणी नकाशे गावातच आहेत. ते बाहेर काढा, मध्ये बसवायला लावा. जितक्या खऱ्या तारखा आपण देऊ, तितकी अंदाजाला जागा कमी उरेल.