शब्दावर मिळालेली जागा



इंदूरातले जुने वाडे पडून तिथे फ्लॅट उभे राहू लागले, तेव्हापासून आम्हा वकील मंडळींपुढे एक प्रश्न वरचेवर येतो. ‘काकांनी आपल्या तोंडानं राहा म्हणून सांगितलं होतं. आता चुलतभाऊ म्हणतो, खोल्या रिकाम्या करा. कराव्या लागतील का?’

उत्तर कडू आहे. बहुधा हो.

या विषयाचा कायदा जुना आहे, १८८२ चा ईझमेंट अ‍ॅक्ट. मालकानं जागा वापरू दिली पण जागेत कसलाही हक्क दिला नाही, तर ती नुसती परवानगी, म्हणजे लायसन्स. भाडेपट्ट्याचं तसं नाही, त्यात जागेतला हक्क काही काळापुरता तुमच्याकडे येतो. कागदावर नाव काय घातलंय याला कोर्ट फारसं विचारत नाही, दोघांचा हेतू काय होता ते पाहतं. आणि परवानगी असेल, तर कलम ६० प्रमाणे देणारा ती परत घेऊ शकतो. जागा विकली गेली, तर कलम ५९ प्रमाणे नवा मालक त्या परवानगीला एरवी बांधील नसतो.

‘पण आम्ही चाळीस वर्षं राहतोय!’ हा समज आपल्या घराघरांत घट्ट बसला आहे. बारा वर्षांच्या कब्जाची गोष्ट लोक सांगतात ती मालकाला न जुमानता, उघडपणे ठेवलेल्या कब्जाची. परवानगीनं राहणाऱ्याची वर्षं त्यात धरत नाहीत. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या घराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बहिणीनं भावाला राहू दिलं होतं. २०१२ साली न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की नात्यापोटी किंवा राखणदार म्हणून फुकट राहणाऱ्याला कितीही वर्षांनी जागेत हक्क मिळत नाही. आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. नाहीतर कुणी कुणाला आसरा देणार नाही.

आता अपवाद. एक म्हणजे परवानगीबरोबर मालमत्तेचं हस्तांतरणही झालेलं असलं आणि ते चालू असलं तर. विकत घेतलेली झाडं तोडून न्यायला शेतात शिरण्याची परवानगी, ही त्यातली. दुसरा अपवाद आपल्यासारख्या संस्थांच्या जास्त कामाचा आहे. परवानगीवर विसंबून तुम्ही स्वतःच्या खर्चानं कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल, तर ती परत घेता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या बिशुन नारायण इंटर कॉलेजला अशीच जागा मिळाली होती. शाळेनं तिथे बांधकाम केलं, पुढे मालमत्ता विकली गेली आणि घेणाऱ्यानं शाळेला बाहेर काढायला दावा लावला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला.

मात्र रंगरंगोटी, कौलं शाकारणं, नळ बदलणं म्हणजे कायमचं बांधकाम नव्हे. ‘मागितल्यावर जागा सोडू’ असं लिहून दिलं असेल, तर बांधकामाचा आधारही डळमळतो.

परवानगी संपली म्हणून सामान त्याच दिवशी रस्त्यावर टाकता येत नाही. निघायला आणि सामान हलवायला कलम ६३ प्रमाणे वाजवी वेळ द्यावा लागतो. किती दिवस, ते कायद्यात लिहिलेलं नाही, खटल्याखटल्यात ठरतं. मोबदला देऊन परवानगी घेतली असेल आणि तुमची चूक नसताना मुदतीआधी काढलं, तर कलम ६४ प्रमाणे भरपाई मागता येते.

ज्या संस्थांचं सभागृह, वाचनालय किंवा उत्सवाची शेड कुणा दात्याच्या जागेवर उभी आहे, त्यांच्या कार्यकारिणीला एकच विनंती. दात्याचं पत्र, बांधकामाचा ठराव असलेलं इतिवृत्त, वीट-सिमेंटच्या पावत्या, नगरपालिकेचा मंजूर नकाशा, जे काही असेल ते वाळवीच्या आधी शोधा. दाता हयात असेल तर दिवाळीपूर्वीच त्यांच्याकडे जाऊन मुदत, वापर आणि बांधकामाचा खर्च कुणाचा, हे दोन पानांत लिहून घ्या.