कन्याशाळा : विद्या, सहवास आणि सेवा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात जालना येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने जालन्यात मुलींचे वसतिगृह व त्यास जोडून कन्याशाळा काढण्याचे योजिले आहे. त्या निमित्ताने मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. स्त्रीशिक्षणाची आवश्यकता पटवून देण्यात मी आपला वेळ घेणार नाही. ते काम आपल्या पणजोबांच्या काळातील वक्त्यांनी करून ठेवले आहे. आज शिकलेली सून आपणां सर्वांनाच हवी असते; मुलीला मात्र किती शिकवावे, एवढ्याच ठिकाणी आपले घोडे अडते! माझा विषय निराळा आहे. सरकारी तिजोरीवर विसंबून न राहता चालविलेली कन्याशाळा कशावर जगते, आणि तिच्यात राहणाऱ्या मुलींनी एकमेकींशी व बाहेरच्या जगाशी कोणते नाते ठेवावे, याविषयी मला बोलावयाचे आहे.

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु विद्येच्या बाबतीतील आपली पिछेहाट त्याहून फार जुनी आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामी राज्यात होता. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलामुलींची सोय लोकांनीच पाहिली. हैदराबादेस १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी काय किंवा औरंगाबादेस १९१५ साली निघालेली सरस्वती भुवन काय, या संस्था लोकांच्या वर्गणीतून व शिक्षकांच्या त्यागातून उभ्या राहिल्या. स्वतंत्र शाळा ही कल्पना मराठवाड्याला परकी नाही, हे लक्षात यावे म्हणून हा उल्लेख केला. तरीही २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात शंभर स्त्रियांमागे सुमारे ६१ च साक्षर आढळल्या. पुरुषांचा आकडा ८१ च्या पुढे होता. दोन आकड्यांमधील हे वीसांचे अंतर कोणत्या घरांत आहे, ते आपण जाणता.

आता ज्या संस्थेपासून आपण पुष्कळ शिकू शकतो, तिच्याकडे वळते. धोंडो केशव कर्वे हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गणेश गोविंद गोखले यांनी जागा दिली आणि १९०० साली तेथे पहिली झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात गणित शिकवावयाचे आणि सायंकाळी सामानसुमान घेऊन चिखल तुडवीत हिंगण्यास जावयाचे, असा त्या गृहस्थांचा क्रम असे. धनिकाची देणगी पुढे आली, परंतु फार पुढे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांचे पंधरा लाख रुपये विद्यापीठास मिळाले ते १९२० साली. मधल्या वीसपंचवीस वर्षांत संस्था जगली ती चार आणे, आठ आणे, रुपया अशा वर्गण्यांवर आणि आश्रमवासिनींच्या हातांवर.

हे हात कोणाचे होते, ते पाहण्यासारखे आहे. पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या पत्नीच्या भगिनी. लहान वयात वैधव्य आलेले, मूल पदरी, अक्षरओळख मोठेपणी झालेली. त्या आश्रमात शिकावयास आल्या आणि पुढे आश्रम सांभाळू लागल्या. संस्थेसाठी गावोगाव फिरून त्यांनी निधी जमविला. १९१८ साली, इंग्रजीचे ज्ञान जेमतेम असताना, त्या अमेरिकेस गेल्या व तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. परत आल्या त्या १९२० साली. जिने आश्रमात आश्रय घेतला तीच आश्रमाची आधारस्तंभ झाली! मोठा पगार देऊन अशी अधीक्षिका कोठून आणता आली असती? सहवासाच्या शिक्षणातूनच अशी व्यक्ती निपजते. १९०८ साली कर्व्यांनी निष्काम कर्ममठ काढला, तोही अशा आजन्म सेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांची परंपरा चालावी म्हणून.

स्वातंत्र्याची किंमतही या संस्थेने मोजली. १९१६ साली निघालेल्या महिला विद्यापीठाने शिक्षण मातृभाषेतून दिले. त्याच्या पदव्यांची नावेसुद्धा ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ अशी होती. सरकार त्या पदव्या मानीत नसे. विद्यापीठास कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते स्वराज्य आल्यानंतर. म्हणजे तीसहून अधिक वर्षे आईबापांनी आपल्या मुली अशा ठिकाणी धाडल्या, की जेथल्या पदवीवर सरकारी नोकरीची हमी नव्हती. आज आपण शाळेविषयी पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘निकाल किती टक्के?’ प्रश्न चुकीचा नाही, परंतु तो पहिला नसावा असे माझे मत आहे.

येथे एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. सहजीवन, स्वावलंबन, सेवा हे शब्द कानाला गोड लागतात. त्यांच्या आडून मुलींकडून फुकटची धुणीभांडी करून घेणे अगदी सोपे असते. मुलीचा जन्म सेवेसाठीच, असे आपल्याकडे आधीच धरून चाललेले असते. तेव्हा वसतिगृहात झाडलोट, स्वयंपाक, पाणी भरणे ही कामे मुलींनी जरूर करावीत, पण पाळीने करावीत, आणि देणगीदाराच्या मुलीला व शेतमजुराच्या मुलीला एकच पाळी असावी. परीक्षा जवळ आली म्हणजे पाळी सैल करावी. शिवाय कामाबरोबर अधिकारही द्यावा. कोठीचा हिशेब मुलींनीच लिहावा. महिन्याला ज्वारी किती आली, तेल किती लागले, दूध कोठे कमी पडले, हे त्यांनी सभेत मांडावे, आणि कार्यकारी मंडळाच्या सदस्यांनी ते ऐकावे. जिने चाळीस माणसांच्या कोठीचा हिशेब सोळाव्या वर्षी ठेवला, तिला पुढे संसारात किंवा कचेरीत कोणी सहसा फसवू शकणार नाही. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुलींकडून छापखान्याचे खिळे जुळविण्यापासूनची कामे करविली. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, निराधार मुलीच्या हाती धंदा देण्याची त्यांची दृष्टी आपण घेतली पाहिजे.

सेवा ही वसतिगृहाच्या कुंपणाबाहेरही गेली पाहिजे. १९०९ साली पुण्यास रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. घरंदाज स्त्रीने परक्या रोग्याला हात लावणे हे त्या काळी हलके मानले जाई. सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठविल्या आणि त्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याही आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतानाच प्लेगाने गेल्या. ज्यांनी १८४८ साली मुलींची शाळा चालविली, त्यांनीच हे केले. शाळा एका बाजूला आणि सेवा दुसऱ्या बाजूला, असा भेद या स्त्रियांच्या मनात नव्हता.

आपल्या जिल्ह्यात अशा सेवेला जागा कोठे आहे, असे कोणी विचारील. दसरा उलटला की कोयता घेऊन ऊसतोडीस निघणाऱ्या गाड्या पाहा. मुकादमाची उचल घेतलेली असते, बिऱ्हाड उचलावेच लागते. दहाबारा वर्षांची मुलगी बरोबर जाते, फडावर धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि चैतवैशाखात परत येते तेव्हा तिचा वर्ग पुढे गेलेला असतो. अशी दोन वर्षे गेली की शाळा सुटते. मग घरात वयात आलेली मुलगी एकटी ठेवता येत नाही म्हणून तिचे लग्न उरकतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बालविवाहाच्या बाबतीत मराठवाड्यातील परभणी, बीड हे जिल्हे राज्यात आघाडीवर दिसले. ते आपले शेजारी आहेत, आणि आपण त्यांच्याकडे बोट दाखवावे अशी आपली स्थिती नाही. आईबाप फडावर गेले असता मुलीला सहा महिने सुरक्षित राहता येईल अशी एक खोली, एवढ्यानेही एक लग्न पाचसहा वर्षे पुढे ढकलले जाते. सरकारची कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये २००४ सालापासून याच हेतूने निघाली आहेत. गरज मात्र त्यांना पुरून उरणारी आहे. आपल्या वसतिगृहातील मोठ्या मुलींनी हंगामात अशा लहान मुलींचा अभ्यास घ्यावा, ही माझ्या मते पहिली सेवा होय.

आणि येथेच मी सर्वांत नाजूक मुद्द्यावर येते. ऊसतोडीस जाणाऱ्या या मुली बहुतेक आपल्या ज्ञातीच्या नाहीत.

ज्ञातिसंस्थांनी विद्येसाठी केलेले काम मी कमी लेखीत नाही. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे काढविली, आणि त्यांतून खेड्यापाड्यांतील मुले शिकून पुढे आली. ज्यांना कोणीच घेत नव्हते त्यांना आपल्या माणसांनी घेतले. तो मार्ग त्या काळी योग्यच होता. परंतु तो साऱ्या काळासाठी नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली व एका पंगतीस आणले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पंगतीसाठी अंगावरचे दागिने मोडले.

हिंगण्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण थोरांच्या संस्थांतील उणे झाकून ठेवणे हा त्यांचा आदर नव्हे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुण्यात शिकत होते तेव्हा त्यांची बहीण जनाबाई सासरच्या जाचातून सुटून त्यांच्याकडे आली. तिला अनाथ बालिकाश्रमात ठेवावे असे शिंद्यांच्या मनात होते. आश्रमात तेव्हा ब्राह्मण मुलीच घेत, आणि जनाबाई मराठा. प्रवेश मिळाला नाही. पुढे ती हुजूरपागेत शिकली. नंतर याच जनाबाईंनी शिंद्यांच्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या कामास, अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळांस, वाहून घेतले. ज्या आश्रमाने सेवेची शिकवण दिली, त्याला ही सेविका मिळू शकली असती. ती दारावरून परत गेली. कर्व्यांच्या वर्गणीदारांचे मन तेव्हा तेवढे तयार नव्हते, आणि वर्गणीदार दुखावले तर आश्रम बुडेल ही धास्ती खरी होती. तो नाइलाज मी समजू शकते. पुढे त्याच कर्व्यांनी १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ स्थापन केला, हेही विसरता येत नाही.

आपल्यापुढे मात्र तो नाइलाज नाही. आपले वर्गणीदार या मंडपात बसलेले आहेत. ‘आपल्याच मुलींना जागा पुरत नाहीत, मग इतरांचे काय?’ हा प्रश्न मला कालच एका वडीलधाऱ्यांनी विचारला. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. ज्या मुलीला पुढे परक्या गावी नोकरी करावयाची, दवाखान्यात किंवा कचेरीत शंभर तऱ्हेच्या माणसांशी वागावयाचे, तिने दहा वर्षे केवळ आपल्याच नात्यागोत्यातील मुलींबरोबर काढली तर तिचे शिक्षण अपुरे राहील. परक्या मुलीला दिलेल्या खाटेचा लाभ आपल्याही मुलीला मिळतो. आणि खाटा कमी पडतात, तर माझी सूचना अशी : मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यासाठी ठेवलेली रक्कम या वर्षी वसतिगृहाकडे वळवावी. लग्ने एक वर्ष खालच्या मजल्यावर लागली म्हणून कोणाचे काही अडणार नाही.

उद्याच्या साधारण सभेपुढे वसतिगृहाची नियमावली येणार आहे. त्यातील चौथ्या कलमात ‘ज्ञातीतील विद्यार्थिनींसाठी’ असे शब्द आहेत. त्यांऐवजी ‘जिल्ह्यातील विद्यार्थिनींसाठी’ असे असावे, एकतृतीयांश जागा ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींसाठी राखाव्यात, आणि प्रवेशाच्या अर्जात ज्ञातीचा रकाना ठेवू नये, अशी दुरुस्ती मी लेखी दिली आहे. तिला एका आजीव सभासद भगिनीचे अनुमोदन मिळाले आहे. सभा सकाळी नऊ वाजता आहे. भगिनींनी स्वयंपाकघरातील कामे बाजूस ठेवून मतदानास उपस्थित राहावे, अशी माझी विनंती आहे. न्याहारीची व्यवस्था उद्या बंधूंनी पाहावी.