डाळिंबाचा दाणा
(शिरूर कासार येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणातून)



दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातली गावं ओस पडतात. कोयते कारखान्यावर जातात. वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचं लग्न उरकून टाकतात. आज मी कवितेवर बोलणार आहे, पण सुरुवात इथूनच करते. कारण मला आवडणारी ग्रीक कथा याच गोष्टीची आहे.

डिमिटर ही धान्याची देवी. तिची मुलगी पर्सेफनी फुलं तोडत असते. जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा तिला पळवून नेतो. बाप झ्यूस, त्यानं आधीच होकार दिलेला. आईला पत्ताच नाही. नऊ दिवस ती हिंडते. शेवटी सूर्य खरं काय ते सांगतो, आणि वर समजूत घालतो की जावई काही वाईट नाही, घराणं मोठं आहे! (हे आपण किती मांडवांत ऐकलंय.) आई ऐकत नाही. ती शेतात दाणा रुजू देत नाही. देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ येते, तेव्हा झ्यूस नमतो. पण मुलीच्या पोटात पाताळातला डाळिंबाचा दाणा गेलेला. म्हणून दरवर्षी काही महिने तिला परत जावं लागतं.

तो दाणा तिनं कसा खाल्ला? सुमारे 2600 वर्षांपूर्वीच्या ग्रीक स्तोत्रात ती आईला सांगते, त्यानं बळजबरीनं खायला लावला. पुढे रोमन कवी ओविड लिहितो, तिनंच बागेतलं फळ तोडलं आणि सात दाणे खाल्ले. झालं, दोष तिचा! ठाण्यात आणि गावकीत आजही हेच विचारतात.

आपल्या काळातल्या कवयित्रींनी ही कथा आईच्या आणि मुलीच्या बाजूनं पुन्हा लिहिली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवयित्री रीटा डव्ह यांचा यावर अख्खा संग्रह आहे, 1995 सालचा. आयर्लंडच्या ईव्हन बोलंड यांच्या 1994 सालच्या कवितेत आई झोपलेल्या मुलीकडे बघते. शेजारी फळांची ताटली. हिला सावध करावं का? ती गप्प राहायचं ठरवते. कविता मला फार आवडते, पण ते गप्प राहणं आपल्याला परवडणारं नाही, असं मला वाटतं.

आपल्या आज्यांनी हे जात्यावर केलंच होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतली सीता पाहा. वनात ती रडते, तेव्हा बोरी-बाभळी तिच्या सख्या होतात.

गेल्या वर्षी एका वस्तीवर ही डाळिंबाची गोष्ट सांगितली. उसावरून नुकतीच परतलेली एक बाई म्हणाली, "भूक लागली असंल पोरीला. भुकेनं खाल्लं म्हंजी राजी झाली का?" बोलंडच्या कवितेतही ही भूक आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार? मग म्हणाली, "ताई, त्या आईनं पेरलेलं उगवू दिलं नाही, तेवढं परत सांगा."