सरकारची हमी आणि आपली जबाबदारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी बँकेच्या कर्जावर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. पण धंद्यासाठी सोने गहाण पडते ते बहुधा बाईच्याच अंगावरचे; म्हणून हा विषय आपलाच आहे.

आमच्या शेजारची एक मुलगी पाच वर्षे शिकून वास्तुविशारद झाली. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तिचे नावही नोंदले गेले. बदलापुरात स्वतःचे कार्यालय काढायचे तिने ठरविले. संगणक, नकाशे छापण्याचे यंत्र, गाळ्याची अनामत मिळून हिशेब सहा लाखांवर गेला. एका बँकेत पहिलाच प्रश्न आला, "तारण काय ठेवता?" आई पाटल्या काढायला निघाली. मी म्हटले, "वहिनी, थांबा, आधी चौकशी करू."

चौकशीत कळले ते सांगते. ८ एप्रिल २०१५ रोजी प्रधानमंत्री मुद्रा योजना सुरू झाली. तिच्यात ५० हजारांपर्यंत 'शिशु', ५ लाखांपर्यंत 'किशोर' आणि १० लाखांपर्यंत 'तरुण' असे कर्ज मिळते, व त्याला तारण लागत नाही. 'तरुण' कर्ज चोख फेडणाऱ्यास २० लाखांपर्यंत देण्याची सोय २०२४ साली झाली. दुकानाप्रमाणे नकाशे करण्याचा व्यवसायही यात बसतो.

पैसे बँकच देते. कर्ज बुडाले तर ठरलेला हिस्सा हमी निधी बँकेला भरून देतो. म्हणजे हमी बँकेला आहे, आपल्याला नव्हे! सरकार पाठीशी आहे म्हणून हप्ते चुकविले तरी चालेल, असे कुणी समजू नये.

अशी मदत आपल्या भागाला नवी नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देण्याकरिता सरकारने १९४८ सालीच कायदा करून खास यंत्रणा उभारली होती. पण उल्हासनगरचा बाजार उभा राहिला तो माणसांच्या कष्टावर.

आता या व्यवसायाची खोच पाहा. किराणा दुकानात पैसा रोज येतो. वास्तुविशारदाची फी टप्प्याटप्प्याने येते. मंजुरी लांबली की तीही लांबते. हप्ता मात्र दरमहा हजर! म्हणून मुलीने गाळा सोडून घराची पुढली खोली धरली, छपाई बाहेरून करायचे ठरविले. गरज साडेतीन लाखांवर आली. शिवाय सुरुवातीचे काही महिने हप्त्याला सवलत मागितली. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते असे.

उद्यम नोंदणी फुकट होते. दलालाला पैसे देऊ नका. एका बँकेने नकार दिला तर कारण लेखी मागा आणि दुसरीकडे जा.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. अंबरनाथ-बदलापुरात तर नव्या इमारती रोज उठत आहेत. तेव्हा जाणत्या, प्रामाणिक हातांची येथे गरज आहे. आपल्या लेकीसुनांपैकी कुणी असे काम करू म्हणाली, तर दागिन्यांच्या डब्याकडे पाहण्याआधी तिच्यासोबत हिशेबाची वही घेऊन बसा, एवढेच माझे मागणे आहे.