धाडसाइतकीच शिस्तही मोलाची

(भोर-वेल्हे परिसरातील वीजवाहिन्या व घाटरस्त्यांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



भोर आणि वेल्हे ही स्वराज्याची जन्मभूमी. तोरणा आणि राजगड इथलेच. हिरडस मावळचे बाजीप्रभूही याच मातीतले. साहजिकच मावळच्या माणसाच्या धाडसाचे कौतुक समाजाला फार. पण या कौतुकाआड एक कटू वास्तव झाकले जाते. भर पावसात खांबावर चढणारा लाइनमन किंवा घाटात कोसळलेली दरड हटविणारा जेसीबीचालक प्राणास मुकला, की 'दैवगती' किंवा 'वीरमरण' असे म्हणून विषय संपविला जातो. वास्तविक असे बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. त्यांची कारणे ठाऊक आहेत आणि त्यांवरचे उपायही ठाऊक आहेत.

खांबावरचा मृत्यू

पानशेतच्या फुगवट्यापलीकडे घोल, दापसरे. भोरकडून निघाल्यास हिरडोशी, शिरगाव. या गावांना वीज पोहोचविणाऱ्या 11 केव्हीच्या वाहिन्या रान आणि दऱ्या ओलांडून जातात. आषाढात फांदी पडते, चिमणी फुटते, वीज जाते. मग बिघाड शोधण्यासाठी लाइनमनला खांबामागून खांब पायी तुडवावे लागतात. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकले, तेव्हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातही खांब कोसळले आणि गावे अंधारात गेली. ती पुन्हा उजळली ती याच माणसांच्या कष्टांनी.

खांबावर चढण्यापूर्वीचा नियम साधा आहे. उपकेंद्राकडून वाहिनी बंद केल्याचे परमिट घ्यावे, तारेत प्रवाह नाही याची खात्री करावी, कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडावी आणि मगच तारेला हात लावावा. घात होतो तो यातली एखादी पायरी गाळल्याने. बंद केलेला फीडर एक आणि काम सुरू झाले दुसऱ्यावर, असे होते. मोबाइलला रेंज नसते, निरोप अर्धवट पोहोचतो आणि कोणीतरी वाहिनी पुन्हा सुरू करतो.

तिसरा धोका तर दिसतही नाही. वीज गेल्यावर एखाद्या फार्महाउसवर किंवा मंगल कार्यालयात जनित्र सुरू होते. तिथे चेंजओव्हर स्विच नसेल, तर जनित्राची वीज उलटी रोहित्रात शिरते आणि वरच्या तारेत 11 हजार व्होल्टपर्यंत चढू शकते. ज्या तारेला लाइनमन मृत समजतो, तीच जिवंत होते. तार दोन्ही बाजूंना जमिनीशी जोडलेली असेल, तर तो वाचतो. म्हणजे या अपघातात केवळ वीज कंपनी नव्हे, एखादा सुशिक्षित गृहस्थही नकळत भागीदार असतो.

घाटातली दुसरी दरड

भोर-महाड रस्त्यावरील वरंधा घाटाची कथा वेगळी नाही. 22 जुलै 2021 रोजी घाटाखालच्या तळिये गावावर डोंगर कोसळला. त्याच पावसाने घाटरस्ताही ठिकठिकाणी खचला. पावसाळ्यात हा घाट अवजड वाहनांना बंद करण्याची वेळ वारंवार येते. पण रस्ता मोकळा करणाऱ्याला थांबून चालत नाही. पहिली दरड उपसताना तिचा पायथा सुटतो आणि दुसरी दरड खाली येऊ शकते. म्हणूनच वरच्या उतारावर नजर ठेवणारा स्वतंत्र माणूस हवा, मुसळधार पावसात आणि रात्री काम थांबवायला हवे. मात्र 'रस्ता कधी सुरू होणार' असा धोशा लावणाऱ्यांना हा थांबा आळस वाटतो!

पानशेतचा धडा

या तालुक्याने धाडसाची परिसीमा पाहिली आहे. 11 जुलै 1961 च्या रात्री पानशेतच्या खचत्या बंधाऱ्यावर लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचली. त्यांनी मिळवून दिलेले तास पुण्यासाठी मोलाचे ठरले. तरीही 12 जुलैच्या सकाळी धरण फुटले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठले होते. आधी राहून गेलेल्या कामाची भरपाई ऐनवेळच्या शौर्याने होत नाही, हाच पानशेतचा धडा आहे.

ही दृष्टी परकी नाही. शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढेल, ठिणगी गवतात पडेल; रात्री तेवत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, इतका बारीक विचार त्यात आहे. गवत जळून गेल्यावर कोणालाही कितीही शिक्षा केली तरी ते परत मिळत नाही, हेही महाराजांनी बजावले आहे. अपघातानंतरच्या निलंबनावर समाधान मानणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे.

कर्तव्य कोणाचे?

खांबावरचा माणूस पुष्कळदा कंत्राटी असतो. अपघात झाला की कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार कंपनीकडे. वास्तविक 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावरही टाकली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 161 मध्ये अपघाताची सूचना आणि चौकशी यांची तरतूद आहे. चौकशीचा निष्कर्ष काय, हे विचारणारा माणूस गावात हवा. शोकाकुल कुटुंबाला कागदपत्रे जमवून देणे, दाव्याचा पाठपुरावा करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

घरच्यांनीही एवढे करावे: जनित्राला चेंजओव्हर स्विच बसवावा, तारेवर आकडा टाकू नये, आणि वीज गेल्यावर 'लगेच चढ' असा तगादा लाइनमनला लावू नये. अंधारात घालवलेला एक तास त्याच्या प्राणांहून मोठा नाही.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी लाइनमनच्या पकडीला हळदकुंकू जरूर वाहावे. पण त्याच्या हातमोज्यांना चीर गेली आहे का, शिडी धड आहे का, कमरेचा पट्टा झिजला आहे का, तेही पाहावे. तीच खरी पूजा. खांबावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी परतला, की ती पावली असे समजावे.